श्रीमंत सयाजीराव महाराज : कवळाण्याचे घर आणि बडोद्याचा राजवाडा

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात एका थोर पुरुषाचे चरित्र समाजबंधू-भगिनींस सादर करावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र आम्ही निवडले आहे. ते मराठी वाचकांस नवीन नाही. महाराजांचा राज्यकारभार, त्यांची ग्रंथालये, त्यांचे दातृत्व यांविषयी इतके लिहिले गेले आहे की, आम्ही त्यात भर घालावी असे फारसे काही उरलेले नाही. म्हणून या चरित्राकडे एका निराळ्या बाजूने पाहण्याचे आम्ही योजिले आहे. घरची स्थिती जशी असेल तसे मुलांचे संगोपन होते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असूनही तिचा शांतपणे विचार क्वचितच होतो. महाराजांचे बालपण दोन घरांत गेले, एक शेतकऱ्याचे आणि दुसरे राजाचे. पुढे ते स्वतः पिता झाले, आणि सुमारे वीस लाख प्रजेच्या मुलांस शाळेत बसविण्याची सक्ती करणारे राजेही झाले. या तिन्ही नात्यांनी त्यांना हा एकच प्रश्न भेटला, आणि तिन्ही वेळा त्याचे उत्तर निराळे आले.

महाराजांचा जन्म १८६३ सालच्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळराव. वडील काशीराव भिकाजीराव गायकवाड आणि आई उमाबाई. घराणे पिलाजीराव गायकवाडांच्या वंशातील, म्हणजे ज्या रक्ताने बडोद्याची गादी स्थापन केली त्याच रक्ताचे. पण रक्त एक असले तरी ताटात पडणारे अन्न एक असतेच असे नाही. बडोद्याच्या शाखेकडे हत्ती, तोफा आणि जडजवाहीर होते. कवळाण्याच्या शाखेकडे शेत होते. आपल्या समाजात हा प्रकार नवा नव्हे. एकाच आडनावाची, एकाच देवकाची दोन घरे असावीत, एकाने सरदारकी भोगावी आणि दुसऱ्याने औत धरावे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. जात विचारली तर दोन्ही घरे एकच उत्तर देतील. पण मूल कसे वाढते हे विचारले तर ती दोन निराळ्या मुलखांतील घरे वाटतील.

काशीरावांच्या घरी मुलगा बारा वर्षांचा होईतो त्यास अक्षरओळख झालेली नव्हती. यावरून त्या पित्याचे मुलावर प्रेम नव्हते, असा अर्थ काढणारा मनुष्य खेड्यातले घर पाहिलेला नसावा. त्या काळच्या शेतकरी घरात मुलाला वेगळे बालपण म्हणून काही नसे. पाय चालू लागले की ते गुरांमागे जाई, हात बळकट झाले की मोटेवर किंवा राखणीला बसे. बापाने मुलाला शिकवायचे ते शेतातच, आणि शिकवणे म्हणजे समोर बसवून सांगणे नव्हे, तर शेजारी उभे करून करावयास लावणे. शाळा असलीच तर ती दुसऱ्या गावी. आणि तेथे घालवलेला दिवस म्हणजे शेतातला एक हात कमी. हा हिशेब निर्दयतेचा नाही, टंचाईचा आहे. त्या हिशेबात मुलाला काही लाभतही असे. आईबाप डोळ्यांसमोर असत, आणि त्यांचे बोलणे, त्यांचे कष्ट व त्यांची चिंता मुलापासून लपलेली नसे. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे याच गोष्टीची उणीव दुसऱ्या घरात दिसणार आहे.

१८७५ सालच्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले. त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव १८७० साली निवर्तले होते, आणि त्यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना गादीसाठी दत्तक निवडण्याचा अधिकार मिळाला. वंशावळी तपासल्या गेल्या आणि कवळाण्याला निरोप गेला. काशीराव आपले तीन पुत्र आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव यांना घेऊन बडोद्यास आले. तिघांस आपण येथे का आलो असे विचारले असता गोपाळरावाने आपण राज्य करावयास आलो असे निःशंकपणे सांगितले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला.

चरित्रकार बहुधा येथे चौघडा वाजवून पुढील प्रकरणाकडे वळतात. आम्ही येथे क्षणभर थांबू इच्छितो. दत्तविधान झाले की जन्मदाता बाप शास्त्राने आणि कायद्याने परका होतो. थोरल्या भावास डावलून मधल्याची निवड झाली होती. म्हणजे काल ज्याच्यामागे शेतात धावत जायचे, त्या भावाच्याही वरचे स्थान आता दरबारात आपले. नवी माता जमनाबाई स्वतः अवघ्या बावीस वर्षांच्या, मुलाहून जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या. आणि त्यांची स्वतःची एक लहान कन्या होती. बारा वर्षांचे मूल घर, नाव आणि आईबाप एकाच दिवशी बदलते, आणि या बदलाविषयी त्याला काय वाटते हे विचारण्याची कोणास गरज भासत नाही. गरीब घरात मुलाचे मन विचारले जात नाही, कारण सवड नसते. राजघराण्यात ते विचारले जात नाही, कारण ते मूल आईबापांचे राहिलेले नसते. ते गादीचे असते.

त्यानंतरचे शिक्षण हा सर्वांच्या कौतुकाचा विषय आहे, आणि ते कौतुक रास्तही आहे. दिवाण सर टी. माधवराव राज्याचा गाडा चालवीत होते. मुंबई सनदी नोकरीतील एफ. ए. एच. इलियट यांची १८७५ च्या अखेरीस राजगुरू म्हणून नेमणूक झाली. महाराजांसाठी एक स्वतंत्र शाळा काढण्यात आली आणि एकट्याने शिकण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून सोबती विद्यार्थी देण्यात आले. त्यांत त्यांचे बंधूही होते. ज्या वयात पुण्या-मुंबईची मुले इंग्रजी शाळेत व्याकरण घोकीत असत, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरांपासून आरंभ करीत होता. आणि तोही एका भाषेत नव्हे, तर मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत. व्यायाम, घोडेस्वारी, तालीम, पाठ, पुन्हा पाठ, असा दिवस घड्याळाच्या काट्याला बांधलेला. आरंभी गुरूंनाही हा विद्यार्थी मंद वाटला होता. पण कवळाण्याच्या मातीत कष्टाची सवय लागलेली असल्यामुळे म्हणा, किंवा परक्या ठिकाणी आपला टिकाव लागावा म्हणून म्हणा, मुलाने चिकाटी सोडली नाही. अखेरच्या वर्षी, १८८१ मध्ये, माधवरावांनी राज्यकारभाराविषयी त्यांना व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपाने छापलीही गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महाराजांस पूर्ण अधिकार मिळाले.

म्हणजे अक्षरशून्य बालकापासून राज्यकर्त्यापर्यंतचा प्रवास सहा वर्षांत झाला. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी मुलांस शिकविले आहे त्यांना यातील श्रम सांगावयास नकोत. या घाईची किंमत शरीराने मोजली असावी, असे आम्हास वाटते. पंचविशी गाठण्यापूर्वीच महाराजांस निद्रानाश आणि मज्जातंतूंचा अशक्तपणा यांनी पछाडले. १८८७ साली प्रकृतीच्या कारणाने ते प्रथम युरोपात गेले, आणि पुढे आयुष्यभर वारंवार जात राहिले. मूल घडविण्याच्या दोन पद्धती त्यांनी अंगावर भोगल्या होत्या. एकीत अक्षरे नव्हती, दुसरीत उसंत नव्हती.

राजा म्हणून त्यांनी काय केले ते आता पाहू. मुलास शाळेत न घालणारा बाप त्यांना परका नव्हता, कारण त्यांचा स्वतःचा बाप तसाच होता. म्हणून त्यांनी त्या बापाला उपदेशाची पत्रके पाठविली नाहीत. १८९३ साली काठेवाडातील अमरेली शहर आणि भोवतालची नऊ गावे निवडून तेथे सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो हळूहळू तालुकाभर पसरविला. आणि १९०६ साली कायदा करून सबंध संस्थानास लागू केला. मुलगे सात ते बारा वर्षे, मुली सात ते दहा वर्षे. मुलगा शाळेत आला नाही तर दंड बापाला. ब्रिटिश मुलखात तेव्हा असा कायदा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. पण पुढील वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली हीच वाट धरली. शाहू महाराजही कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक आलेले होते. दत्तक आलेल्या दोन राजांनी प्रजेच्या मुलांची अशी चिंता वाहावी, हा योगायोग आम्हास अर्थपूर्ण वाटतो.

त्या दंडाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. दंड वसूल होई तेव्हा तो कोण भरीत असे? सावकाराचा, वकिलाचा किंवा कारकुनाचा मुलगा शाळेत जातच होता. त्यासाठी कायद्याची जरुरी नव्हती. दंड भरीत असे तो ज्याच्या घरी गुरे राखायला दुसरे कोणी नव्हते तो, आणि जिची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळीत होती म्हणून जिला मजुरीवर जाता येत होते ती आई. म्हणजे ज्याच्यासाठी कायदा केला त्याच्याच चुलीतील लाकूड कायदा काढून घेत होता. यास अन्याय म्हणावे काय? आमचे मत असे की, ही टोचणी नसती तर आणखी दोन पिढ्या तशाच गेल्या असत्या. पण ज्याला ती टोचली त्याचा चेहरा विसरणेही बरे नव्हे. महाराजांनी केवळ दंडावर भिस्त ठेवली नाही, हे मात्र खरे. शिक्षण मोफत केले, अंत्यज म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा आणि पुढे वसतिगृहे काढली. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवावयास येईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक आणि आर्यसमाजाचे कार्यकर्ते नेमले. पंडित आत्माराम यांनी या कामी बडोद्यात मोठी सेवा केली. १८९० साली कलाभवन सुरू झाले, जेथे हाताला कौशल्य मिळे. १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. अमेरिका पाहून आल्यावर १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास आणून गावोगाव ग्रंथालये उघडली. मुलगा शाळेत शिकला आणि घरी येऊन पुस्तक नसल्यामुळे विसरला, असे होऊ नये हा हेतू त्यामागे होता.

आज परिस्थिती पालटली आहे, तरी प्रश्न मिटलेला नाही. भारताच्या संसदेने २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, दंड नाही. तरीही बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात आईबापांबरोबर फडावर जातात, आणि शाळेच्या पटावर नाव राहून मूल मात्र कोपीत धाकट्या भावंडास झोपवीत बसते. त्या कुटुंबांत आपल्या आडनावाची कुटुंबे नाहीत, असे कोणी समजू नये. आपल्याच सभासदांत दुसऱ्या टोकाची घरेही आहेत. तेथे मूल सकाळी एका शिकवणीस, सायंकाळी दुसऱ्या शिकवणीस जाते, आणि बापाशी त्याची गाठ रविवारी पडते. या दुसऱ्या घराची गोष्ट आता सांगावयाची आहे.

महाराजांचा पहिला विवाह १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले. १८८३ साली युवराज फत्तेसिंहराव जन्मले. १८८५ साली राणीसाहेब क्षयाने वारल्या, तेव्हा युवराज दोन वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांनी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी विवाह केला. त्याही चिमणाबाई या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांना जयसिंहराव, शिवाजीराव आणि धैर्यशीलराव हे पुत्र व इंदिराराजे ही कन्या झाली. १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला होता. मुले तेथे वाढली.

पिता म्हणून महाराज बेफिकीर मुळीच नव्हते. किंबहुना त्यांनी केलेले यत्न पाहिले तर त्या काळच्या दुसऱ्या राजांस लाज वाटावी. मुलांनी जनानखान्यात लाडात वाढून बिघडू नये म्हणून त्यांस शिस्त लावली, परदेशी शिक्षक ठेवले, वेळापत्रके आखली. फत्तेसिंहराव आणि शिवाजीराव ऑक्सफर्डला गेले. शिवाजीराव तेथे विद्यापीठाच्या संघातून क्रिकेटही खेळले. जयसिंहराव अमेरिकेत हार्वर्डला शिकले. ज्या पित्यास वयाच्या बाराव्या वर्षी श्री लिहिता येत नव्हती, त्याने पुत्रांस जगातील उत्तम विद्यापीठे दाखविली. आपणास जे मिळाले नाही ते मुलांस पुरेपूर मिळावे, ही इच्छा प्रत्येक चढत्या घरच्या बापाच्या मनात असते. ती आम्ही ओळखतो, कारण ती आमच्याही घरांत आहे.

परंतु राजवाड्यात मुलगा आणि बाप यांच्यामध्ये किती माणसे उभी असतात! दाई, हुजरे, शिक्षक, पालक म्हणून नेमलेला अधिकारी, शरीररक्षक. मुलाची तक्रार बापाकडे जाते ती कोणाच्या तरी तोंडून. बापाची माया मुलाकडे येते ती आज्ञेच्या रूपाने. त्यात महाराज प्रकृतीमुळे वर्षातील मोठा काळ परदेशी. त्यांच्या स्वतःच्या घडणीत जी कठोर शिस्त होती, तीच त्यांनी मुलांस दिली; पण त्यांच्यापाशी त्या शिस्तीआधी कवळाण्याची बारा वर्षे होती, ती मुलांस देता येण्यासारखी नव्हती. शेतकऱ्याच्या मुलास काम आहे म्हणून उठावे लागते. राजपुत्रास उठविले जाते, पण कशासाठी ते त्याला दिसत नाही. गादी एकालाच मिळणार, आणि तीही बापाच्या मागे. बाकीच्यांनी एवढी विद्या घेऊन करावे काय? संस्थानी जगात या प्रश्नास उत्तर नव्हते. पैसा होता, रिकामपण होते आणि दारू होती. राजपुत्रांना मद्याचे व्यसन जडले, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. घराण्याच्या पुढील पिढ्यांनीही ती लपवून ठेवलेली नाही.

फत्तेसिंहराव १९०८ साली वारले, पंचविसाव्या वर्षी. त्यांचे पुत्र प्रतापसिंहराव तेव्हा काही महिन्यांचे होते. शिवाजीराव १९१९ साली गेले, तिशी गाठण्यापूर्वी. जयसिंहराव १९२३ साली, पस्तिशीत. चार पुत्रांपैकी तिघांचे मृत्यू महाराजांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. ज्या राजाने हजारो घरांतील मुलांची हजेरी मोजविली त्याच्या स्वतःच्या वाड्यातील ही मोजदाद लिहिताना लेखणी जड होते. त्यांनी काय चूक केली हे सांगण्याचा अधिकार आम्हास नाही. चूक एकट्या माणसाची होती असेही आम्हास वाटत नाही. त्याच काळात कितीतरी संस्थानांचे राजपुत्र याच वाटेने गेले, आणि त्यांच्या पित्यांपैकी बहुतेकांनी महाराजांच्या यत्नांच्या दशांशही यत्न केले नव्हते.

कन्या इंदिराराजे यांची कथा निराळी आहे आणि थोडी मौजेचीही आहे. चिमणाबाईसाहेब स्त्रियांच्या उन्नतीच्या पुरस्कर्त्या होत्या. १९११ साली त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी एका सहलेखकासह इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. अशा मातेच्या आणि बालविवाहाविरुद्ध कायदा करणाऱ्या पित्याच्या कन्येस उत्तम शिक्षण मिळाले, हे सांगणे नकोच. मात्र विवाह ठरविताना दोघांनीही राजघराण्याची जुनी रीत पाळली आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी, ज्यांना एक पत्नी आधीच होती, सोयरीक जमविली. मुलीने स्वतः ग्वाल्हेरला पत्र पाठवून ती मोडली. तिचे मन कुचबिहारच्या राजपुत्रावर, जितेंद्रनारायण यांच्यावर, जडले होते. आईबापांनी विरोध केला. मुलीने माघार घेतली नाही. १९१३ सालच्या ऑगस्टमध्ये लंडन येथे तो विवाह झाला आणि त्यास महाराज व महाराणी उपस्थित नव्हते. दुसऱ्यांच्या मुलींसाठी कायदा करणे आणि आपल्या मुलीचे ऐकणे या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिलीत निपुण असलेल्यास दुसरी येतेच असे नाही.

याच १९१३ सालच्या जुलैत बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला होता. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या पित्याविषयी येथे लिहिले नाही तर हे चरित्र अपुरे राहील, असे आम्ही मानतो. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, अस्पृश्य मानलेल्या जातीतील गृहस्थ. मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राही. स्वयंपाक, निजणे, अभ्यास सारे त्याच खोलीत. मुलाला रात्री लवकर निजवावे, स्वतः जागत बसावे आणि पहाटे दोनच्या सुमारास, सारे निजलेले असताना, त्यास अभ्यासाला उठवावे, हा त्या पित्याचा क्रम होता. मुलाने पुस्तक मागितले की रामजी विवाहित मुलींच्या घरी जात, त्यांच्यापाशी पैसे मागत, आणि पैसे नसले तर त्यांचा दागिना घेऊन गहाण ठेवीत; पेन्शन आले की तो सोडवून परत देत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढील शिक्षणासाठी कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी महाराजांची भेट घडवून आणली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले. मुलगा समुद्र ओलांडून गेलेला त्यांना पाहता आला नाही.

जयसिंहराव हार्वर्ड सोडून परतले त्यानंतर वर्षभरातच भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दोघांच्याही शिक्षणाचा पैसा बडोद्याचाच. विद्यापीठे सारख्याच मोठ्या नावाची. एकाच्या पित्यापाशी मुलास उठविण्यास हुजरे होते. दुसऱ्याचा पिता स्वतः जागत बसे. आम्ही यावरून दारिद्र्याचे गोडवे गाणार नाही. ज्या चाळीत एक भीमराव शिकला तेथे न शिकता राहिलेली मुले शेकडो होती, आणि त्यांच्या बापांचीही माया कमी नव्हती. रामजींपाशी लष्करी शाळेचे शिक्षण होते, पेन्शन होते, दागिना उसना देणाऱ्या मुली होत्या. एवढी पायरी पायाखाली होती म्हणून वरची पायरी दिसली. आणि तीनंतरच्या पायरीसाठी राजाचा हात लागलाच. त्या राजाच्याही शक्तीस मर्यादा होती. १९१७ साली डॉ. आंबेडकर करारानुसार बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा महाराजांच्या राजधानीत त्यांना राहावयास कोणी घर दिले नाही. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले.

आपल्या समाजातील कित्येक विद्यार्थ्यांसही महाराजांचा आधार मिळाला. पुण्यात गंगारामभाऊ म्हस्के यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी जे कार्य चालविले, त्यास महाराजांचे साहाय्य होते. विठ्ठल रामजी शिंदे महाविद्यालयात शिकले ते या शिष्यवृत्तीच्या बळावर. मुलगा हुशार आहे पण घरी सोय नाही, एवढे कानावर आले की महाराज द्रव्य देत. आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीकडे दरवर्षी येणारे अर्ज वाचताना आम्हास या गोष्टीची आठवण होते. कित्येक अर्जांत वडिलांचा व्यवसाय शेतमजुरी असा लिहिलेला असतो, आणि खाली मुलाच्या हस्ताक्षरात बापाच्या नावाने सही केलेली असते.

प्रतापसिंहराव पित्यावाचून आजोबांच्या वाड्यात वाढले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे महाराजांचा अंत झाला आणि नातू गादीवर आला. धैर्यशीलरावही पुढील वर्षी निवर्तले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी प्रतापसिंहरावांनी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात स्थापन केले. महाराजांनी चौसष्ट वर्षे राज्य केले. ते गेले तेव्हा १८९३ साली अमरेलीच्या शाळांत सक्तीने बसविलेली पहिली मुले पन्नाशी ओलांडून साठीकडे झुकली होती आणि त्यांची नातवंडे शाळेच्या वयाची झाली होती.